वादग्रस्त कायदा आणि वरची खुर्ची: नेत्याचं पुढे काय होईल ते गावात बसून कसं ओळखायचं

गणपतीत दुपारची पंगत उठली की ओटीवर जी बैठक जमते त्यात दरवर्षी एक तरी नेता "संपलेला" असतो आणि एक तरी "आता मंत्री होणारच" असतो. चाकरमानी मुंबईहून एक मत घेऊन येतात, गाववाल्यांचं वेगळं असतं, आणि मधे कुठलातरी कायदा असतोच. रिफायनरीची अधिसूचना, पर्ससीनचे (मोठ्या गोल जाळ्याने मासे धरणाऱ्या यांत्रिक बोटींचे) नियम, सीआरझेड म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम, कुळाची जमीन, आरक्षण, काहीतरी. "ह्या कायद्याने त्याला बुडवलान बघ" नाहीतर "ह्याच्यावरच तो खासदार होतो की नाय ते बघ". मी राजापूर तालुक्यातला, बरीच वर्षं तालुक्याच्या बातम्या लिहिल्या, सभा ऐकल्या, मतमोजणीच्या दिवशी बाहेर उन्हात उभा राहिलो, आणि मला अगदी मनापासून वाटतं की असं अंदाजपंचे बोलणं आपल्याला परवडत नाही. कायदा येतो तो आपल्या जमिनीवर येतो, आपल्या जाळ्यावर येतो, आणि त्यावरून नेता वर गेला की खाली आला हे ठरवणारे पण आपणच, मग ते डोळे उघडे ठेवून का करू नये.

म्हणून इथे मी माझी पद्धत लिहितोय. एक 200 पानी वही घ्या, मोबाईल आहेच, आणि वर्षभरात मिळून आठ-दहा संध्याकाळी, एवढंच लागतं.

मूळ गोष्ट आधी सांगतो म्हणजे पुढचं सगळं लागेल. नेता कायद्याच्या बाजूने किंवा विरोधात उभा राहतो तेव्हा त्याच्यासमोर एक गर्दी असते. वरच्या खुर्चीसाठी त्याला दुसऱ्याच गर्दीसमोर जावं लागतं. कायदा तोच राहतो, ऐकणारे बदलतात. "कायदा लोकांना आवडला का" हा प्रश्न अर्धाच आहे, "कुठल्या लोकांना, आणि पुढच्या वेळी मत कोण देणार" हा पूर्ण प्रश्न.

कायदा आहे की अधिसूचना, ते आधी बघा

आपण सगळ्यालाच कायदा म्हणतो. पण आमच्या तालुक्यातल्या नाणारच्या रिफायनरीचं भांडण कुठल्या नव्या कायद्याचं नव्हतंच, महाराष्ट्र औद्योगिक विकास कायदा तर 1961 चा आहे, भांडण झालं ते त्या कायद्याखाली मे 2017 मध्ये निघालेल्या भूसंपादनाच्या अधिसूचनेचं. हा फरक बारीक वाटतो पण नेत्याच्या हिशोबात फार मोठा आहे, कारण कायदा मागे घ्यायला विधिमंडळ लागतं आणि अधिसूचना मागे घ्यायला मंत्र्याची फाईल आणि सरकारचं मन झालं की पुरतं. म्हणजे अधिसूचनेवर अडकलेल्या नेत्याला सुटायची वाट असते, कायद्यावर अडकलेल्याला ती फार अरुंद असते.

नाणारचंच पुढे बघा. तेव्हा उद्योगखातं शिवसेनेकडे होतं, सुभाष देसाई मंत्री, आणि पक्ष प्रकल्पाच्या विरोधात. एप्रिल 2018 मध्ये नाणारला उद्धव ठाकरेंची सभा झाली, तिथे देसाईंनी अधिसूचना रद्द केल्याचं जाहीर केलं, आणि त्याच दिवशी मुख्यमंत्री फडणवीस म्हणाले की हा अधिकार मंत्र्याचा नाही, निर्णय उच्चाधिकार समिती घेते. आमच्या इथे लोक दोन दिवस एकमेकांना विचारत होते, रद्द झाली की नाही झाली? खरी रद्द झाली ती मार्च 2019 मध्ये, युती जुळल्यावर आणि लोकसभा तोंडावर आल्यावर. तारखा अशा शेजारी शेजारी लिहिल्यात की अर्धी गोष्ट तिथेच कळते.

मग जानेवारी 2022 मध्ये मुख्यमंत्री म्हणून ठाकरेंनी पंतप्रधानांना पत्र लिहून रिफायनरीसाठी आमच्याच तालुक्यातली बारसूची जागा सुचवली, एप्रिल 2023 ला तिथे माती परीक्षण आणि आंदोलन झालं, आणि मे 2023 ला विरोधी पक्षात असताना तेच बारसूला लोकांना भेटायला आले. ह्या काळात सगळ्याच पक्षांच्या नेत्यांच्या तोंडी एक वाक्य सारखं होतं, "स्थानिकांना नको असेल तर आम्हालाही नको". हे वाक्य जिथे ऐकाल तिथे तारीख टाकून वहीत लिहा. ते नेत्याचं सुटायचं दार आहे, आणि दार त्याने कधी उघडलं, निवडणुकीच्या किती महिने आधी, ह्यावरून बरंच समजतं.

नेत्याचा हात कुठे लागलाय ते शोधा

"त्याने कायद्याला पाठिंबा दिला" असं कोणी म्हटलं की विचारायचं, म्हणजे नक्की काय केलं? आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, होय म्हणणाऱ्यांचं बहुमत दिसतं, झालं. कोण होय म्हणालं त्याची नावं कागदावर येत नाहीत, मतविभागणी झाली तरच येतात. 2025 च्या जुलैत जनसुरक्षा विधेयक विधानसभेत मंजूर झालं ते पण असंच आवाजी मतदानाने. त्यामुळे तुमचा आमदार पाच वर्षांनी सांगू शकतो की मी तर विरोधातच होतो हो, आणि ते खोटं ठरवायला तुमच्याकडे काहीच नसतं.

तर मग दुसऱ्या खुणा बघाव्या लागतात. त्या दिवशी सभागृहात होता का. बोलला का, आणि बोलला तर विधेयकावर बोलला की नुसताच सरकारवर. दुरुस्ती सुचवली का. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं असेल तर समितीत होता का आणि वेगळं मत लेखी दिलं का. विधिमंडळाच्या साईटवर कार्यवाही असते, शोधायला कटकट आहे पण मिळते. विधेयकाच्या शेवटी "उद्देश व कारणे यांचे निवेदन" म्हणून एक पान जोडलेलं असतं ते नक्की वाचा, सोपं असतं, आणि सरकारने कायदा कशासाठी आणला असं सांगितलंय ते तिथे सापडतं. पुढे प्रचारात वेगळंच कारण ऐकलंत तर तुमच्या लगेच लक्षात येईल.

अध्यादेश असेल तर अजून एक तारीख लिहा. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत तो कायद्यात बदलला नाही तर तो संपतो. कधीकधी नेता अध्यादेशाच्या दिवशी पेढे वाटतो आणि तो संपतो त्या दिवशी त्याबद्दल कोणीच बोलत नाही.

दोन नकाशे काढा

हे सगळ्यात महत्त्वाचं, इथे वेळ घालवा.

वहीच्या डाव्या पानावर नेता आज कुठून निवडून येतो तो मतदारसंघ काढा, उजव्या पानावर त्याला पुढे जिथून जायचंय तो. रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभेत सहा विधानसभा आहेत, चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. रायगड लोकसभेत पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड, आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले दापोली आणि गुहागर. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं की गुहागरवाला पेणवाल्याबरोबर खासदार निवडतो. आता गुहागरच्या नेत्याला खासदार व्हायचं असेल तर त्याला पेणच्या शेतकऱ्यासमोर जावं लागणार, जिथे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांनी सप्टेंबर 2008 मध्ये सेझवर (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घेण्यावर) जनमत दिलं होतं. 2005 च्या सेझ कायद्याबद्दल, भूसंपादनाबद्दल हा नेता कधीकाळी काय बोलला होता ते गुहागरात कोणाच्या खिजगणतीत नसेल, पेणमध्ये मात्र घराघरात लक्षात असतं.

पण मला जो कायदा सगळ्यात जवळून दिसतो तो मासेमारीचा. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 चा आहे. त्याखाली 5 फेब्रुवारी 2016 ला पर्ससीनवर निर्बंधांचा आदेश निघाला, 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर एवढेच महिने आणि परवाने मर्यादित. मग 2021 ला कायद्यातच सुधारणा झाली, एलईडी लाईट लावून मासे मारणाऱ्याला दंड लाखांत गेला, आणि पूर्वी जी केस तहसीलदारांकडे जायची ती मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहाय्यक आयुक्तांकडे आली.

आता हा एकच कायदा दोन बंदरांवर बघा. मालवणला दांडीच्या किनाऱ्यावर सकाळी रापण ओढतात तिथे मी एकदा तास-दीड तास उभा होतो. दोन्ही बाजूंनी माणसं ओळीने दोर धरून मागे मागे जातात, म्हातारे, पोरं, बायका पण, टाच वाळूत रुतवून, आणि जाळं जवळ आलं की सगळे वाकून बघतात. त्या दिवशी तारली आणि थोडा बांगडा, इतक्या माणसांत वाटून काय येणार. एक म्हातारा रापणकर खांद्यावरचा पंचा पिळत मला म्हणाला, "कायदो बरो आसा रे, पण राखणीक बोट खंय आसा?" त्याला कायदा हवा होता, मनापासून हवा होता, आणि त्याची तक्रार कायदा कडक आहे ही नव्हती, कायदा समुद्रात उतरत नाही ही होती.

आणि तिथून रत्नागिरीला मिरकरवाड्यात या. पहाटे लिलाव सुरू असतो, बर्फाच्या गाड्या, हातगाड्या, ओरडाओरडा, एकेका पर्ससीन बोटीवर तांडेल (बोटीचा म्होरक्या) आणि पंचवीस-तीस खलाशी, बँकेचं कर्ज, डिझेलची उधारी. त्या बोटमालकाला चार महिन्यांची मुदत म्हणजे वर्षाचा हप्ता चार महिन्यांत काढायचा. तो म्हणतो आम्ही पण मच्छीमारच, परवाना काढून धंदा करतो, आम्हाला चोर कशाला ठरवता. त्याच्यामागे बर्फवाला आहे, ट्रकवाला आहे, मासळी कापणाऱ्या बायका आहेत, ती सगळी मतं आहेत.

मालवण कुडाळ विधानसभेत येतं, मिरकरवाडा रत्नागिरी विधानसभेत, आणि दोन्ही एकाच लोकसभेत. कुडाळच्या आमदाराने पर्ससीनविरोधात टोकाचं बोललं तर त्याला आमदारकीला फायदाच होईल, पण खासदारकीला तोच माणूस मिरकरवाड्यात मत मागायला उतरेल तेव्हा काय? आणि उलट रत्नागिरीतल्याने बोटमालकांची बाजू घेतली तर मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर त्याला काय ऐकावं लागेल? म्हणून लोकसभेची इच्छा असलेला माणूस ह्या विषयावर हळूहळू "दोघांनाही न्याय", "समन्वय", "अंमलबजावणी" असे शब्द वापरायला लागतो. आमदार असताना जो "पर्ससीन बंद करा" म्हणायचा तो "एलईडी बंद करा" वर आला की समजा त्याने उजवं पान उघडलंय, कारण एलईडीला विरोध म्हटला की उघड बाजू घेणारं कोणी फारसं नसतं. हा बदल मला भाषणात आधी ऐकू येतो, उमेदवारी नंतर जाहीर होते.

नकाशात चाकरमानी विसरू नका. मत गावात असो नाहीतर मुंबईत, मुंबईकर मंडळाचा शब्द घरात चालतो, आणि नाणारच्या वेळी मुंबईत मिटिंगा झाल्या, निवेदनं तिथूनच गेली. गणपती आणि शिमगा ह्या दोन वेळी नेता गावात काय बोलतो ते वेगळ्या रंगाने लिहून ठेवा.

वरची खुर्ची देणारे नेहमी मतदार नसतात

आमदार, खासदार लोक करतात. मंत्रीपद, मुख्यमंत्रीपद, राज्यसभा, विधान परिषद हे पक्ष देतो, किंवा निदान पक्षाशिवाय होत नाही. म्हणजे तिसरं पान लागतं, पक्षाच्या वरच्या माणसांचं. ज्या कायद्याने नेता घरच्या मतदारांत उतरला त्याच कायद्याने तो पक्षात चढलेला असू शकतो.

इथे अमेरिकेतली दोन उदाहरणं सांगतो कारण तिथे हे फार स्वच्छ दिसतं. मिट रॉम्नी मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर (आपल्या मुख्यमंत्र्यासारखं पद) होते, रिपब्लिकन, पण राज्य डेमोक्रॅट विचाराचं. एप्रिल 2006 मध्ये त्यांनी राज्यातल्या लोकांना आरोग्य विमा घेणं बंधनकारक करणाऱ्या कायद्यावर सही केली. राज्यात ते त्यांचं मोठं काम मानलं गेलं. 2010 ला ओबामांनी देशासाठी आणलेला आरोग्य कायदा बराचसा त्याच धर्तीवर होता आणि रॉम्नींच्याच पक्षाला तो बिलकुल नको होता. 2012 ला रॉम्नींना पक्षाची उमेदवारी मिळाली, पण पक्षातले लोक विचारत राहिले की तुमचाच कायदा नव्हता का हा, आणि ओबामांवर त्या विषयावरून जोरात तुटून पडायची त्यांची जागाच गेली. निवडणूक हरले. हरण्याची कारणं बरीच, पण एक चांगलं हत्यार त्यांच्याच जुन्या सहीने बोथट केलं हे खरं.

दुसरे माईक पेन्स, इंडियानाचे गव्हर्नर. मार्च 2015 मध्ये त्यांनी धार्मिक स्वातंत्र्याच्या कायद्यावर सही केली, समलैंगिक लोकांशी भेदभाव करायला ह्याने मोकळीक मिळेल अशी ओरड झाली, मोठ्या कंपन्या आणि खेळाच्या संस्था विरोधात बोलल्या, आणि आठवड्याभरात कायद्यात दुरुस्ती करावी लागली. त्यांचं नाव तोवर 2016 च्या राष्ट्राध्यक्षपदासाठी घेतलं जायचं, ते बोलणं तिथेच मागे पडलं. दुरुस्ती केली म्हणून कट्टर समर्थक पण नाराज. तरी 2016 च्या जुलैत ट्रम्पनी त्यांनाच उपराष्ट्राध्यक्षपदासाठी निवडलं, कारण ट्रम्पना धार्मिक मतदारांत विश्वासाचा माणूस हवा होता. एक वाट बंद झाली आणि दुसऱ्या वाटेवर तीच ओळख कामाला आली. म्हणून "संपला" असं म्हणताना कुठल्या वाटेवर संपला ते म्हणा.

आपल्याकडे विधान परिषदेच्या कोकण पदवीधरचा मतदारसंघ (मत फक्त पदवीधरांना) पालघर-ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत आहे, तिथे मच्छीमारांचा कायदा फारसा चालत नाही, नोकरभरती आणि पेन्शन चालते. त्याच नेत्याचं पान तिथे परत कोरं असतं.

वेळ मोजा

कायदा आणि निवडणूक ह्यात किती महिने आहेत ते लिहाच. आणि नेत्याने भूमिका बदलली असेल तर बदल आधी आला की लोक रस्त्यावर आल्यावर आला.

2020 चे तीन कृषी कायदे घ्या. आमच्याकडे त्यावर फार काही पेटलं नाही, भात घरी खायचं, हापूस वाशीच्या मार्केटला दलालाकडे जायचा, बाजार समिती म्हणजे आमच्यासाठी वाशी. पण पंजाबात काय झालं बघा. जूनमध्ये अध्यादेश आले तेव्हा अकाली दल केंद्र सरकारात होतं आणि समर्थनात बोलत होतं. 17 सप्टेंबरला हरसिमरत कौर बादल यांनी मंत्रीपद सोडलं, त्याच महिन्यात पक्ष आघाडीतून बाहेर पडला. म्हणजे किंमत दिली, खरोखर दिली. तरी 2022 च्या विधानसभेला 117 पैकी 3 जागा. त्या पक्षावर जुनी नाराजी पण बरीच होती, सगळं एकट्या कायद्यावर टाकता येत नाही. पण जूनपासूनचे ते तीन महिने लोक विसरले नाहीत.

काही कायदे मात्र पिढ्यान् पिढ्या जातात. खोती (खोताने गावाचा सारा गोळा करायची जुनी पद्धत) रद्द व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 17 सप्टेंबर 1937 ला मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडलं, जानेवारी 1938 ला कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चाने कौन्सिल हॉलवर गेले, विधेयक काही तेव्हा मंजूर झालं नाही. खोती रद्द करणारा कायदा 1949 ला आला. कूळ कायद्याचा कृषक दिन, म्हणजे कुळं जमिनीची मालक ठरली तो दिवस, 1 एप्रिल 1957, आणि आज पण सातबारा काढायला तलाठ्याकडे गेलात की कुळाची नोंद आणि 43 ची अट (कुळाने घेतलेली जमीन विकण्यावरचं बंधन) ह्यावरून दोन भाऊबंद भांडताना दिसतील. त्यामुळे कोणी कुळांबद्दल काही बोललं की ते एका निवडणुकीत मोजू नका.

राजीनाम्याचं वजन वेगळं

ह्यावर मी थोडं थांबणार, कारण आपल्याच कोकणातला माणूस आहे. चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग देशाचे अर्थमंत्री, 1952 ला कुलाब्यातून, म्हणजे आताच्या रायगडातून, लोकसभेवर निवडून आलेले. राज्य पुनर्रचनेच्या वेळी मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी करायचं चाललं होतं, गोळीबारात माणसं मेली होती, आणि जुलै 1956 मध्ये त्यांनी मंत्रीपद सोडलं आणि का सोडलं ते लोकसभेत उभं राहून सांगितलं. साठ वर्षांचा, देशाची तिजोरी हातात असलेला माणूस. पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि 1969 ला राष्ट्रपतीपदाची निवडणूक लढवली, त्यात तिसरे आले.

आता हिशोबाच्या भाषेत वरची खुर्ची गेली म्हणायचं. पण महाडकडे जुन्या माणसांसमोर त्यांचं नाव काढा, ते अर्थमंत्री होते हे नंतर येतं, महाराष्ट्रासाठी मंत्रीपदावर लाथ मारली हे आधी येतं. म्हणून वहीत राजीनामा लिहिताना बाजूला लिहा की त्या दिवशी सोडण्यासारखं त्याच्याकडे काय होतं. मुदत संपायला महिना राहिलेला असताना दिलेला राजीनामा आणि भर सत्तेत दिलेला, लोकांना फरक कळतो, शिकलेले असोत नसोत.

बाबासाहेबांनी पण सप्टेंबर 1951 ला मंत्रीपद सोडलं त्यात हिंदू कोड बिल रखडवलं हे मोठं कारण होतं, 1952 ला मुंबईतून लोकसभेला पराभव झाला, आणि 1955-56 ला तेच बिल चार कायद्यांच्या रूपात आलंच. मंडणगडातल्या आंबडव्याला, त्यांच्या मूळ गावी, गेलात तर तिथे कोणी 1952 चा निकाल विचारत नाही.

कोर्टाची तारीख आणि श्रेय

वादग्रस्त कायदा बहुतेक वेळा कोर्टात जातोच. मराठा आरक्षणाचं बघा. नारायण राणे समितीच्या अहवालावर 2014 च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने 16 टक्क्यांचा निर्णय घेतला, जुलैत अध्यादेश निघाला, ऑक्टोबरमध्ये राणे स्वतः कुडाळात हरले, नोव्हेंबरमध्ये हायकोर्टाची स्थगिती. मग 2018 चा कायदा, तो 5 मे 2021 ला सुप्रीम कोर्टाने रद्द केला, मग फेब्रुवारी 2024 चा 10 टक्क्यांचा. आणि राणे 2024 ला रत्नागिरी-सिंधुदुर्गातून खासदार झाले. ज्याच्या अहवालावर 2014 चा निर्णय उभा राहिला त्याला त्या वर्षी स्वतःची जागा राखता आली नाही, आणि दहा वर्षांनी जिंकला तेव्हा विषयच दुसरे होते. इथे मी स्वतः चुकलो होतो. 2014 ला मी ठाम लिहिलं होतं की हा निर्णय निवडणुकीत भारी पडणार, आणि मी कोकणात कुणबी समाज किती मोठा आहे, ओबीसी म्हणून त्याला ह्या विषयाची काळजी वेगळी आहे, हे बघितलंच नव्हतं. तेव्हापासून दोन नकाशे काढायला लागलो.

शेवटी आकडे, पण बूथचे

निकाल लागला की टीव्हीवरचे एकूण आकडे सोडा आणि फॉर्म 20 काढा. त्यात बूथवार मतं असतात, निवडणूक अधिकाऱ्यांच्या साईटवर पीडीएफ मिळते, लोकसभेची पण विधानसभावार असते म्हणून आपल्या भागाची सापडते. कायद्याचा ज्यांना थेट फटका किंवा फायदा आहे अशी दहा-बारा गावं निवडा, बाजूची तशीच पण कायद्याशी संबंध नसलेली दहा-बारा निवडा. दोन्हीकडे त्या नेत्याची मतं मागच्या वेळेपेक्षा किती वरखाली झाली ते बघा. दोन्हीकडे सारखीच पडली असतील तर कायद्याने नाही पडली, हवाच तशी होती. फक्त पहिल्या गावांत पडली असतील तर कायद्याचा हात आहे. लोकसभेची तुलना लोकसभेशीच करा, विधानसभेशी नको, उमेदवार आणि मुद्दे दोन्ही बदलतात. बूथ क्रमांक बदललेले असतात, गावाच्या नावाने शोधा. बहिष्कार असेल तर मतदान किती झालं ते आधी बघा, नाहीतर टक्केवारी फसवते.

हे काम एकट्याने करू नका. एक पोरगा एक्सेल येणारा, एक म्हातारा माणूस ज्याला गावातली भावकी माहीत आहे, आणि एक बाई जी मासळी बाजारात किंवा बचत गटात बसते, असे तिघं-चौघं घ्या. बचत गटातल्या बाया जे सांगतात ते मला भाषण ऐकून कधी कळलं नाही.

आत्ता लगेच करायचं तर एवढं करा. तुमच्या भागात सध्या ज्या कायद्यावर किंवा अधिसूचनेवर वाद चालू आहे त्याचं नाव आणि तारीख पहिल्या पानावर लिहा, खाली तुमच्या आमदाराने त्यावर आजपर्यंत जाहीरपणे वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहा, आणि गणपतीत तो आरतीला येईल तेव्हा ती वही खिशात ठेवा आणि हाच प्रश्न परत विचारा.